माझ्या वाट्याचा अर्धा खांब

मी, कोपऱ्यावरच्या कापडदुकानाच्या डाव्या बाजूचा मालक, वय एकोणऐंशी, कुणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकट्या भावाला तो पटणार नाही.

१. बँकेत असेल ते मुलीला. कापड मोजायचा लोखंडी गज आणि मोठी कात्रीही तिलाच. जावयाने त्या कात्रीने पत्रा कापू नये.

२. दुकान. दोन रस्ते मिळतात तिथे गाड्या वळाव्यात म्हणून पणजोबांनी इमारतीचा कोपरा तिरका कापून त्यातच दार ठेवले. दारापुढे अखंड लाकडाचा खांब, त्यावर वरच्या मजल्याचा कोपरा. वाटणीत भांडण नको म्हणून वडिलांनी मधली भिंत थेट दारापर्यंत आणली. दाराची एक झडप माझी, एक धाकट्याची. खांबही अर्धा-अर्धा. भांडण तेव्हापासून सुरू झाले.

३. खांब बुडाशी कुजला आहे. सुतार म्हणाला, "काका, अर्धा खांब बदलता येत नाही. दोन्हीकडून टेकू द्यायला हवेत." धाकट्याने निरोप धाडला, "कीड त्याच्या बाजूनं शिरली, त्यानंच निस्तरावं." मी माझ्या बाजूला टेकू लावला. एका टेकूने काय होणार? वर त्याच कोपऱ्यात धाकट्याची नात झोपते. ती उड्या मारते तेव्हा माझ्या ताग्यांवर भुसा पडतो आणि माझ्या जिवाचे पाणी होते. ओरडलो तर मोठे आजोबा खडूस.

४. म्हणून खांबासकट माझी सबंध बाजू धाकट्याला देतो. मुलगी म्हणाली, "द्या बाबा काकांना, पोर तरी वाचेल." जिवंतपणीच देणार होतो, पण बक्षीसपत्रावर घेणाऱ्याची सही लागते, आणि माझ्या कागदाला धाकटा हात लावत नाही. मृत्युपत्राला त्याची सही लागत नाही.

५. अडचण एकच. सुतार म्हणतो, खांब हा पावसाळा काढणार नाही. डॉक्टर म्हणतात, मी अजून दहा काढेन. दोघेही आपल्या कामात चुकत नाहीत. मी काय करू?

साक्षीदार: डॉक्टर (सही). सुतार (सही).
लिहून ठेवणार: थोरला (सही).
स्थळ: दुकान, खांबाची डावी बाजू. दिनांक: २७ मे.

ता.क. कागदावरचे ठिपके शाईचे नाहीत, भुशाचे आहेत. सही करताना नात वर खेळत होती.