अंगी लागत नाही

प्रिय ताई,

आधी बस. 'बसून वाच' असं पाकिटावरच लिहिणार होते, पण तू ते वाचून उभ्या उभ्याच पाकीट फोडलं असतंस, तुझा उतावळेपणा मला काय नवा आहे? बसलीस? पाय वर घे. एक दिवसाआड फोनवर बोलतो तरी ही पत्र लिहायची काय हुक्की आली, असं म्हणशील. त्याचं असं आहे की मी तुला फोन लावला की सासूबाई हातातलं काम टाकून माझ्या आसपास काहीतरी पुसायला येतात. पुसलेलंच पुन्हा पुसतात. आणि तुझा आवाज ऐकला की मलाही धड बोलता येत नाही. मला तर हे सगळं पहिल्यापासून नीट सांगायचंय. म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा उभ्या लावून ठेवायच्या लाकडी घोड्यांच्या मधल्या जागेत बसून लिहितेय. तुझा धाकटा दीर, म्हणजे आमचे हे, पुढे गिऱ्हाइकाला आरसे दाखवतायत आणि ठमी माझ्या पायाशी टोपलीत झोपली आहे.

तुझं कसं चाललंय? पायांची सूज उतरली का? पाचव्या महिन्यात मला जिना चढला तरी धाप लागायची, आणि पोट एवढं मोठं होतं की पोरगी जन्मायच्या आधीच तिचं नाव 'ठमाबाई' पडलं. भाऊजी घरात कामाला हात लावतात की नाही? तुझा नवरा म्हणूनही ते माझे भाऊजी आणि थोरले दीर म्हणूनही भाऊजीच, तेव्हा त्यांना झापायचा हक्क मला दोन्हीकडून आहे, असं सांग त्यांना. इतक्या वर्षांनी तुला दिवस गेलेत. मध्ये एकदा फोनवर तू कशालातरी खळखळून हसलीस, तेव्हा माझ्या लक्षात आलं की असं हसताना मी तुला कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या हसण्यापायीच हे पत्र इतके दिवस लांबलं.

ठमीचं वजन वाढत नाहीये. तुला आम्ही 'थोडं हळू वाढतंय' असं गुळमुळीत सांगितलंय. खरं म्हणजे ते वाढायचं थांबलंच आहे. दवाखान्यात दर वेळी काट्यावर ठेवताना मी श्वास रोखून उभी राहते, जणू माझ्या श्वासाने काटा हलणार आहे. कधी चार चमचे साखरेइतकं वाढतं, आणि पुढच्या वेळी तेवढंच परत कमी होतं. बारशाच्या वेळी शिवलेलं झबलं तिला पाचव्या महिन्यातही होतं, वर आत माझा हात जाईल एवढी जागा उरते. समोरच्या शिंपिणीची मुलगी ठमीनंतर जन्मलेली, तिला उचलताना आता कमरेत कळ येते. शिंपीण हल्ली मला येताना पाहिलं की मुलीला घेऊन आत जाते. मला वाईट वाटू नये म्हणून जाते, हे कळतं मला. तरी वाईट वाटतंच.

बरं, पोरगी पीत नाही म्हणावं, तर तसंही नाही. तिची भूक बघशील तर घाबरशील. तुटून पडते. पिऊन झालं की तोंड पुसायच्या आत पुन्हा मुठी चोखायला लागते. मी पाजते, वरचं दूध देते, डॉक्टरांनी सांगितलेली पावडर देते. सगळं जातं, आणि जातं कुठे तेच कळत नाही. हे तिला दोन तळव्यांवर उचलून बघतात. काच उचलली की वजनावरून जाडी सांगणारा माणूस हा. आधी उचलून झाली की हसायचे, आता लगेच माझ्याकडे परत देतात. गेल्या आठवड्यात एक मोठा आरसा त्यांनी चुकीच्या मापाने कापला. लग्न झाल्यापासून त्यांच्या हातून असं झालेलं मी पाहिलेलं नाही. गिऱ्हाइकासमोर स्वतःच हसले आणि मग बराच वेळ कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिले. बोट कापलं तेव्हा थांबले.

आता सासूबाईंचं सांगते. तू म्हणशील, मला किती बोलत असतील. तुला त्यांनी काय काय ऐकवलं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. तुझ्या बाळंतपणात मदतीला म्हणून मी आले, तेव्हा जेवताना, झोपताना, चारचौघींत त्यांचं एकच पालुपद असायचं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि तू मान खाली घालून पाजत राहायचीस. तर ऐक, मला त्या एका शब्दाने बोलत नाहीत. उलट माझं ताट आधी वाढतात. साय माझ्या वाटीत घालतात. शेजारीण एकदा म्हणाली, आईचंच दूध कमी पडत असेल, तर तिच्यावर अशा उखडल्या की ती बाई चहा अर्धा टाकून गेली. मला आधी बरं वाटलं. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात, तसं असेल असं वाटलं. मग एका सकाळी उठले तर ठमीची दुपटी धुऊन वाळत घातलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, मी धुते ना, तर म्हणाल्या, तुझी झोप होत नाही. ताई, त्यांनी आपल्या दोघींच्याही बाळंतपणात कधी दुपट्याला हात लावला होता का? मग एक दिवस मी त्यांच्या आधी उठले आणि बादलीत पाहिलं. पाण्यावर तेल सांडल्यासारखा तवंग होता, आणि वास असा की साबण दोनदा लावला तरी हातावरून जाईना. सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाचा रंग पार उडाला होता, आणि तो मला पाहून उडालेला नव्हता. त्या बादलीकडे बघत होत्या.

तेव्हा मला उमगलं. मला बोलत नाहीत, कारण त्यांनी हे आधी पाहिलंय.

आता मी त्याचं नाव काढणार आहे. रागावू नकोस, आणि पत्र खाली ठेवू नकोस. जन्मला तेव्हा त्याच्या कपाळाला एवढ्या सुरकुत्या होत्या की मीच त्याला 'म्हातारबा' म्हणायला लागले, आणि पुढे तेच पडलं. सगळी बाळं महिन्याभरात गुटगुटीत होऊन सुरकुत्या घालवतात, आपला म्हातारबा तसाच राहिला. तो गेला त्याच दिवशी पाळणा घरातून गेला. कपडे गेले. संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, त्याचं नाव या घरात कोणी काढायचं नाही, थोरलीला सोसणार नाही. आपल्या आईनेही तेच सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. पुढे तुम्ही दोघं त्या काचेच्या कारखान्यातली नोकरी धरून दूर गेलात, वर्षाने मी या घरात सून म्हणून आले, आणि मीही तो नियम पाळला. तुझ्यावरच्या मायेने आम्ही सगळ्यांनी मिळून तो जन्मलाच नव्हता असं करून टाकलं. तुला तरी ते हवं होतं का, हे कोणी विचारलं नाही.

पण काही गोष्टी राहतात. तू त्याला घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली होतीस, त्याच्या कपाळाचा मुका घेतलास आणि ओठ चाटून म्हणालीस, 'हा बघ किती खारट आहे, याला जेवायला मीठ वाढायलाच नको.' आपण दोघी कितीतरी हसलो होतो. मी ते साफ विसरले होते. मागच्या आठवड्यात ठमीला न्हाऊ घालायच्या आधी तिच्या केसांच्या कडेला घाम वाळून पांढरं झालेलं दिसलं. मी तिथेच ओठ टेकले. ताई, माझी पोरगी खारट आहे.

यानंतर आम्ही नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पडद्याच्या आत सिस्टर ठमीचं वजन करत होती, मी तिच्याजवळ होते, आणि बाहेर डॉक्टरीणबाई सासूबाईंना विचारत होत्या, घरात याआधी कुठलं मूल असं होतं का, न वाढणारं, किंवा लहानपणीच गेलेलं? सासूबाई लगेच म्हणाल्या, नाही, आमच्यात असं कोणी नाही. मी बाहेर आले. त्या ठमीच्या टोपड्याची गाठ बांधायला लागल्या, आणि ती त्यांच्या हातून बसेना. खोटं बोलायचं म्हणून त्या बोलल्या नाहीत, ताई. इतकी वर्षं 'नाही' म्हणून म्हणून त्यांची जीभ आपोआप तिकडे वळली असणार. पण डॉक्टरीणबाईंनी तसंच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीचं माप घ्यायला जाते असं सांगून मी एकटी दवाखान्यात गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला प्रश्नांवर प्रश्न विचारले. म्हातारबाला भूक होती का? खूप होती, म्हटलं. शी कशी होती? माहीत नाही. घाम? खारट, आणि हे मी सांगितल्यावर त्यांनी मान वर केली. खोकला होता का, कधी सुरू झाला, छाती कशी वाजायची, मला काही सांगता येईना. तेव्हा मी विशीची पोर, मला बाळांतलं काय कळत होतं? ते सगळं माझ्या बहिणीला माहीत आहे, म्हटलं. मग त्यांनी विचारलं, बहिणीचे यजमान कोण? मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचे सख्खे भाऊ. दोघी बहिणी, दोघे भाऊ. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. काही दुखणी अशी असतात, म्हणाल्या, की आईबाप ठणठणीत, पण दोघांकडून थोडंथोडं येतं आणि मुलात एकत्र होतं. तेच आहे असं त्या आज म्हणणार नाहीत. सोमवारी मोठ्या इस्पितळात ठमीच्या घामाची तपासणी आहे. घाम तपासतात हे मला माहीतच नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, बहिणीला दुसरं मूल आहे का? मी सांगितलं, पाचवा महिना चालू आहे. त्या म्हणाल्या, तिला कळवा, आणि उशीर करू नका.

घरी येऊन मी सांगितलं. सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांनी आजवर कधी माझा हात धरला नव्हता. म्हणाल्या, 'तिला नको गं सांगूस. चार महिने सुखाचे जाऊ देत, मग बघू. मागच्या वेळी मीच तिला जिवंतपणी जाळलंय.' एवढं बोलून उठून गेल्या. आईला फोन केला तर तीही तेच म्हणाली, पोटुशीला असलं कोणी कळवतं का, तुझ्या जिभेला हाड आहे की नाही. सगळ्यांना तुझी काळजी आहे, ताई. तेव्हाही होती. सगळे तुला तळहाताच्या फोडासारखं जपत होते, म्हणून आजपर्यंत कोणालाच काही कळलं नाही.

तर मी सगळ्यांच्या पाठीमागे हे लिहितेय. तुझं दूध कमी नव्हतं, पातळ नव्हतं, तुझं काहीच चुकलं नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, हेच दुखणं असेल तर दुधाची नदी वाहिली असती तरी त्याच्या अंगी लागलं नसतं. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, पण आधी सांगितलं असतं तर पुढचं तू वाचलं नसतंस. आता पुढचं. हे पत्र घेऊन आजच्या आज तुझ्या डॉक्टरकडे जा आणि म्हातारबाचं सगळं सांग, कोणी नको म्हटलं तरी सांग. बाळ पोटात असतानाही बघता येतं म्हणे, आणि जन्मल्या दिवसापासून माहीत असलं तर पुष्कळ करता येतं. मग मला फोन कर. सासूबाई पुसत बसल्या तर बसू देत. त्याचा खोकला कसा सुरू झाला ते मला सांग. कोरडा होता की ओला, आधी दिवसा यायचा की झोपेत, पहिल्यांदा ऐकल्यापासून आपल्याकडे किती दिवस होते. आठवायला जिवावर येईल, तरी आठव, ताई. ठमी आज सकाळपासून खोकते आहे.

तुझीच,
शेंडेफळ