सराफांच्या पाठीमागे

ती. भावोजींच्या चरणी,

डावा गुडघा वगळून उरलेल्या सर्वांगानं नमस्कार. (डावा सध्या टेकत नाही. त्याचं कारण पुढे ओघानं येईलच.) इकडे सगळी मंडळी सुखरूप आहेत. तुमची पाठ कशी आहे? ताई फोनवर म्हणाली की तुम्ही दिवसभर पेशंटना चालायला सांगता आणि स्वतः खुर्चीवरून उठत नाही. मी तुमचीच बाजू घेतली. म्हटलं, हलवायानं स्वतःची मिठाई खाल्लीच पाहिजे असं थोडंच आहे?

गेल्या खेपेला जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत माझ्या पोटावर बोट टेकवून तुम्ही म्हणालात, "मेहुणे, हे आत्ताच आवरा, नाहीतर पुढे मला आवरावं लागेल." ते मनाला लागलं. परत आल्यावर मी सायकल घेतली. माझा बेत साधा होता: सकाळी दूध आणायला सायकलवर जायचं आणि दूध घेऊन सायकलवर यायचं. पण माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या वर जे दातांचे डॉक्टर बसतात ते गावातल्या सायकल शर्यतवाल्या मंडळाचे अध्यक्ष निघाले. त्यांनी जिन्यावरूनच सायकल पाहिली आणि "रविवारी या" म्हणाले. नाही म्हणणं कठीण होतं, कारण त्यांचे पेशंट खाली उतरताना डोळे पुसत असतात आणि समोर माझी पाटी दिसते. धंद्याच्या दृष्टीनं हा शेजार मोलाचा आहे.

या मंडळातली माणसं एरवी अगदी आपल्यासारखी आहेत, फक्त वजनाबद्दल बोलतात. स्वतःच्या नव्हे, सायकलच्या. मंडळात एक सराफ आहेत, पेढीवरच्या सोन्याच्या काट्यावर ते सगळ्यांच्या सायकलींचे स्क्रू तोलून देतात. त्यांनी माझी घंटी, स्टँड आणि मागचं कॅरिअर काढायला लावून सायकल कितीतरी तोळ्यांनी हलकी केली. (त्या आनंदात मी दुपारी चार पोळ्या जास्त खाल्ल्या.) मग पॅडलमध्ये खटकन अडकणारे बूट घेतले. हे बूट अडकतात सहज, सुटतात मात्र टाच बाहेर फिरवल्यावर, आणि टाच फिरवायची आठवण माणसाला आडवं झाल्यावर होते. पहिल्याच दिवशी स्वतःच्या दुकानासमोर, उभ्या सायकलवरून, हळूहळू, झाड पडावं तसा मी पडलो. आत एक बाई नवा चष्मा लावून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, नंबर अगदी बरोबर आहे, सगळं स्वच्छ दिसलं.

पुढे अध्यक्षांनी सांगितलं की पायावर केस ठेवायचे नाहीत, खरचटलं तर जखम साफ करायला सोपं जातं. न्हाव्यानं वस्तरा हातात धरून बराच वेळ माझ्या नडग्या न्याहाळल्या आणि हळूच विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"  घरी मात्र त्या दिवसापासून बायको माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालते.

आता मूळ गोष्ट. मागच्या महिन्यात मंडळाची मोठी शर्यत झाली. शर्यतीत वाऱ्याला तोंड द्यायचं नसतं, पुढच्याच्या पाठीआड लपायचं असतं, आणि याला कौशल्य म्हणतात. (संसारात मी आजवर हेच करत आलो, तिथे याला वेगळं नाव आहे.) सराफ सगळ्यांच्या पुढे होते. मी त्यांची पाठ धरली. काय पाठ आहे, भावोजी! भिंतीसारखी रुंद, तिच्यामागे वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नाही. मी मान खाली घालून त्यांच्या मागच्या चाकावर नजर लावली. माझ्यामागे बँकेच्या मॅनेजरबाई, त्यांच्यामागे अध्यक्ष आणि जवळजवळ सगळं मंडळ, सगळ्यांच्या माना खाली. मोठ्या चौकात सराफ डावीकडे वळले. मार्ग सरळ पाण्याच्या टाकीकडे जात होता. मला वाटलं, मार्ग बदलला असेल. मंडळात मला कुणी काही कळवत नाही. मग एक गल्ली लागली, मग तिच्याहून अरुंद गल्ली लागली, मग एका वाळत घातलेल्या चादरीखालून आम्ही सगळे ओळीनं वाकून गेलो. तरीही कुणाला शंका आली नाही. (अध्यक्ष नंतर म्हणाले की चादर त्यांना अवघड टप्पा म्हणून मुद्दाम लावल्यासारखी वाटली.) मग एक फाटक आलं, सराफांनी ब्रेक दाबला, मी त्यांच्यावर गेलो, मॅनेजरबाई माझ्यावर आल्या आणि माझा गुडघा कुंडीवर गेला. दार उघडून सराफांच्या पत्नी बाहेर आल्या आणि आमच्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "अहो, एवढ्या सगळ्यांना घेऊन येताय तर आधी सांगायचं तरी!"

सराफ म्हणाले, "मी कुणाला आणलं नाही. मला जरा बरं वाटेना म्हणून मी घरी आलो." एवढं बोलून ते पायरीवर बसले आणि एका अंगावर कलंडले. तोंड पांढरंफटक.

पुढची काही मिनिटं मला नीट आठवत नाहीत. अध्यक्ष धावत पुढे गेले आणि सवयीनं "आ करा" म्हणाले. मॅनेजरबाईंनी त्यांना बाजूला सारलं, शेजारच्या लाँड्रीवाल्याचा टेंपो बोलावला आणि कोणी डोकं धरायचं, कोणी पाय धरायचे ते ठरवून दिलं. इस्त्रीच्या गठ्ठ्यांवर सराफांना निजवून आम्ही हॉस्पिटल गाठलं. दारातल्या नर्सनं आमचे घट्ट कपडे, हेल्मेटं आणि माझं रक्त पाहून मलाच आधी स्ट्रेचरवर घेतलं. मी ओरडून सांगितलं तेव्हा कुठे उतरवलं. मग आम्ही बाकावर बसून राहिलो. कुणी वजनाबद्दल बोललं नाही.  

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, हृदयाचा झटका होता, वेळेवर आणलंत, वाचले. सराफांच्या पत्नींनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "यांनी कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तुम्ही ओळखलंत. शर्यत सोडून मागोमाग आलात." मी खरं सांगायला तोंड उघडलं तोच त्यांना हुंदका आला. तुम्हीच सांगा, रडणाऱ्या बाईला, मी तुमच्या यजमानांच्या आड वारा चुकवत होतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी तोंड मिटलं.

शर्यतीचा निकाल म्हणाल, तर मार्ग सोडल्याबद्दल आम्ही सगळे बाद झालो. सुरुवातीलाच पंक्चर काढत बसलेले निवृत्त पोस्टमास्तर सावकाश मागून येऊन पहिले आले. गावात मात्र बोलबाला माझा झाला. काल एक आजोबा वाचायचा चष्मा करायला आले आणि स्टुलावर बसल्याबसल्या शर्टाची बटणं काढू लागले. म्हणाले, आलोच आहे तर छातीही बघून टाका.

बाकी सर्व ठीक. ताईला नमस्कार, भाचरांना आशीर्वाद. तुम्हीही थोडं चालत जा.

तुमचा मेहुणा

ता. क. – सराफ आता घरी आहेत. सपाट रस्त्यावर हळूहळू सायकल चालवायला त्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पण सोबत कुणीतरी हवं. त्यांच्या पत्नींनी मंडळातली सगळी नावं नाकारली आणि माझं धरून ठेवलं, कारण "यांना कळतं". सोमवारपासून रोज सकाळी सराफ माझ्या ताब्यात आहेत. तेव्हा माणसाच्या हृदयाला त्रास होऊ लागला की बाहेरून काय काय दिसतं, ते कृपा करून उलट टपाली, मोठ्या अक्षरात लिहा. फोन करू नका, दुकानात सगळे ऐकतात.

आणखी ता. क. – हे ताईला सांगू नका. तिनं चारचौघांत माझी स्तुती करण्याची ही पहिलीच वेळ आहे, तिलाही अजून सवय झालेली नाही.

शेवटचं ता. क. – अगदीच राहवेना म्हणून मी अध्यक्षांना सहज विचारल्यासारखं करून लक्षणं विचारली. ते म्हणाले, धाप लागते, दरदरून घाम सुटतो, छाती भरून येते, पायातलं बळ जातं, चेहरा उतरतो. भावोजी, हे सगळं मला दर रविवारी पहिल्याच चढाला होतं. तेव्हा मी सराफांकडे बघत असताना माझ्याकडे कुणी बघायचं, तेही लिहा.