आईचं चित्र वरच्या मजल्यावर

मल्लेश्वरम, रविवार संध्याकाळ

अप्पांच्या चपला डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आमच्या कलादालनातली जुनी चित्रं यंदा रंगांप्रमाणे नव्यानं लावली. कल्पना माझीच. आईनं रंगवलेलं निळं तळं त्यामुळे वर गेलं. अप्पांना आधी का नाही सांगितलं मी?

आई गेल्यापासून दर रविवारी ते त्या चित्रासमोर चपला काढून उभे राहतात. आजही तिथेच काढल्या. समोर कुणा परक्यानं काढलेला लाल बैल.

"अप्पा, चित्र वर नेलंय. लिफ्टनं जाऊ या."

त्यांनी चपला उचलल्या. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण आज नको. नव्या जागी तिला स्वल्प रुळू दे."

चपला हातात घेऊनच बाहेर पडले. फुटपाथवर मी खाली वाकून त्या त्यांच्या पायांत घातल्या.