उपासाची पोर

अमडापूर,
चैत्र वद्य नवमी

प्रिय शालू,

आजीचा आशीर्वाद. आणि इथेच मी अडकले. आजवर कुणालाही कागद लिहिला की आशीर्वादामागून सवाल ठरलेला असायचा, जेवण वेळेवर करतेस ना? पण तुझ्या डॉक्टरीणबाईंनी, अख्तरीबाईंनी, अकोल्याहून निघताना मला बजावलं होतं की आजी, तिला काहीही विचारा, जेवणाचं तेवढं विचारू नका. मी म्हटलं, "मंग इचारू काय, पावसापान्याचं?" त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. तर ऐक. पाऊस नाही. ऊन आहे. झालं पावसापाण्याचं. आता पुढे काय लिहू? दोन बुकं शिकलेली बाई मी. आमच्याकडे माया करायला तो एकच सवाल आहे, तो काढून घेतला की बोळक्या तोंडानं शेंगदाणे फोडायला बसवल्यासारखं होतं.

गावची खबर सांगते. माळवदावर वाळवणं पडली आहेत, कशाची ते लिहीत नाही. तुझी माय दिवसभर काठी घेऊन कावळे हाकलते आणि संध्याकाळी माझ्यावर चिडते, म्हणजे तब्येतीनं बरी आहे. इंद्रभानची म्हैस पुन्हा हरवली होती. तो आपल्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणतो, "आजी, शालूले एक कागद टाका ना, म्हैस कुठं हाय ते इचारा." मी म्हटलं, "बे इंद्रभान, तुह्या म्हशीले रोज पानी पाजलं असतं तर ते वढ्याकडं कायले गेली असती?" म्हैस ओढ्यातच सापडली. मागच्या खेपेलाही ओढ्यातच सापडली होती. तू तेव्हा नुसतं तिकडे बोट दाखवलं होतंस आणि गावानं तुला देवी केलं होतं.

हसायला लिहिलं, पण लिहिताना हसू आलं नाही.

उंद्रीचे लोक तुला पाहायला आले होते तो दिवस तुलाही माहीत आहे, मलाही. त्यावर आपण दोघी कधी बोललो नाही. तू पोह्यांच्या बशा घेऊन आलीस, खाली मान घालून बसलीस. बाया गप्प, पुरुष गप्प. मला गप्प बसणं कधी जमलं नाही. मी म्हटलं, आमची पोर कामाला वाघीण आहे, पण पाटावर बसली की भाकरीचं टोपलं रिकामं करूनच उठते. पोराची माय लगेच म्हणाली, "बाप्पा! मंग आमाले आंदी दुसरं वावर घ्या लागंल." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. पुढे त्यांचा नकार आला तो पत्रिकेवरून, हे तुझ्या बापानं तुला सांगितलं, पण तुझ्या कानात वावरच राहिलं. आणि मी काय केलं? घरात तुझं नावच टोपलं पाडलं. "आली का आमचं टोपलं," असं येता-जाता. मला वाटायचं, तेवढीच गंमत.

आता खरं सांगते. नुसती गंमत नव्हती. मी सून होऊन या घरात आले तेव्हा सगळ्यांची जेवणं झाल्यावर टोपल्यात काय उरलं ते बघायचे, आणि भूक लागली असं म्हणायची सोय नव्हती. तू मात्र पाय पसरून, ठेचा माखून, बोटं चाटत जेवायचीस. ते बघून मला बरं वाटायचं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी जळायचं. ते जळणं माझ्या जिभेवर यायचं.

मग तू सोमवार धरलास. मला आनंद झाला. मग शनिवार, एकादशी, चतुर्थी. मग उरलेल्या दिवशी एकाच वेळेला. मग मीठ सोडलंस. मग उपासाच्या दिवशी भगरही नको झाली, नुसतं पाणी. गोजरबाईची नात बघा, अशी गावभर चर्चा. तुझं महिन्याचं बाहेर बसणं बंद झालं तेव्हा तुझी माय घाबरून माझ्या कानाशी लागली. मी तिला उडवून लावलं, देवीनं पोरीला शुद्ध ठेवली म्हटलं. बाया येऊन पहिलं हळदकुंकू तुला लावू लागल्या, रडकी लेकरं तुझ्या मांडीवर आणून टाकू लागल्या. उन्हाळ्याच्या काहिलीत तू घोंगडी पांघरून बसायचीस आणि लोक म्हणायचे, तपाचं तेज आहे. तेज कशाचं, हाडं दिसत होती. मला दिसत नव्हती असं मी म्हणणार नाही. देवळात जिथं मला कधी कुणी चटई टाकली नव्हती, तिथं आता पुढे बसवत होते. म्हातारपणी मान मिळाला की डोळ्यांवर सायीसारखी झापड येते.

आणि गोठ्यातलं तू विसरली नसशील. मी वैरण टाकायला आले आणि तू मायनं दिलेली भाकर चुरून शेळीपुढे टाकत होतीस. तो दिवस सोमवार नव्हता की एकादशी नव्हती. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहिलं. तू काहीतरी विचारत होतीस त्या नजरेनं, हे मला कळलं होतं शालू. मी वैरण टाकली आणि निघून आले. बोलले असते तर माझी चटई गेली असती.

नवरात्रात तुला कुमारिका म्हणून पाटावर बसवलं, पाय धुवायला घेतले आणि तू बसल्या जागी कलंडलीस. तुला उचलली ती तुझ्या मायनं, एकटीनं, पाण्याची कळशी उचलावी तशी. तेव्हा गावाला कळलं तुझं वजन काय उरलं होतं. सरकारी दवाखान्यात टॉनिकची बाटली दिली, ती तू मोरीत ओतलीस. मग कुणीतरी अकोल्याच्या अख्तरीबाईंचं नाव सांगितलं, की कलकत्त्याला जाऊन मनाची डॉक्टरी शिकून आल्या आहेत. भावकीत गहजब. पोरगी मुसलमान बाईच्या घरी ठेवायची? तिच्या हातचं पाणी? सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. शेवटी किसन, तुझा बाप, पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, "माय, पोरगी मेल्यावर तिचा धरम चाटत बसतं का?" आणि तुला घेऊन गेला.

पुढचं तू जाणतेस. तिथं तुझी चूल वेगळी, तुझं रांधणं तू करायचं. पण तू जेवायला बसलीस की अख्तरीबाई आपलं ताट घेऊन हातभर अंतरावर बसणार. आणि जेवण झाल्यावर तुला रोज बोलतं करणार, पहिला घास उचलताना मनात काय आलं ते. त्यांनी मला अकोल्याला बोलावलं तेव्हा मी भांडायच्या तयारीनंच आले होते. मी म्हटलं, बाई, आमच्यात उपास करतात, ती काही रोगराई नव्हे. त्या म्हणाल्या, "आजी, आमच्यातही रोजे असतात. पण रोजा संध्याकाळी सोडतात. तुमची एकादशी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडतात. जो सोडता येतो, तो उपास. हिला सोडताच येत नाही. हा उपास नाही, हा आजार आहे. यानंच हिला धरलंय." शालू, सगळा जन्म मी उपास सोडला म्हणत आले, पण त्या शब्दात काय आहे ते कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं, की घास उचलला की तिच्या कानात कुणीतरी हसतं, आणि तो आवाज तुमचा आहे. मी विचारलं, म्हणजे मीच पोरीला मारत होते? त्या म्हणाल्या, एका बोलण्यानं असा आजार होत नाही, त्याला पुष्कळ धागे असतात, स्वतःला इतकं मोठं समजू नका. बाई तोंडाची माझ्याएवढीच आहे, म्हणून मला आवडली. पण धागा तर माझा होता. तो मी कुणाच्या पदरात टाकणार नाही.

संक्रांतीला तुझी माय तिळगूळ घेऊन तुझ्याकडे आली आणि हरखून म्हणाली, "भरली वं माही बाई!" बिचारीनं चांगल्या मनानं म्हटलं आणि तू पुन्हा पाण्यावर गेलीस. अख्तरीबाईंनी निरोप पाठवला की घसरणं हा बरं होण्यातलाच भाग आहे, घाबरू नका, पण निदान पावसाळा संपेपर्यंत तिला इथून हलवू नका. तेव्हापासून तुझी माय कुणाच्या अंगाबद्दल बोलतच नाही, परवा माझ्या सुजलेल्या पायांबद्दलही बोलली नाही. माघात तू निरोप पाठवलास की एक दिवस तुला आपणहून भूक लागली आणि तू घाबरून रडलीस, आणि मग जेवलीस. तो निरोप ऐकून मी चुलीपुढे बसून राहिले. भाकर करपली. करपलेलीच खाल्ली.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. उंद्रीचे लोक परत आले होते. तेच. पोराची माय म्हणाली, पोरगी देवीची झाली म्हणे, खातपीत नाही फारसं, अशीच सून पाहिजे घराला. तुझा बाप भुलला. सगळ्यांसारखाच तोही दमला आहे, त्याला तू बरी झालीस असं मानायचं आहे. अक्षय तृतीयेला साखरपुडा धरलाय. तू आणि अख्तरीबाई नाही म्हणाल हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो अकोल्याला येऊन सांगणार आहे की आजी अंथरुणाला खिळली, तुझ्या नावाचा धोसरा काढलाय, शेवटचं तोंड बघून जा. तर नीट ऐक. मी ठणठणीत आहे. कालच लाकडं फोडली. त्याच्याबरोबर येऊ नकोस. तो रडला तरी येऊ नकोस, त्याला लहानपणापासून वेळेवर रडता येतं. हा कागद अख्तरीबाईंना वाचून दाखव, म्हणजे दारात त्या उभ्या राहतील. सईद कापडवाला उद्या पहाटे अकोल्याला निघतोय, त्याच्या हाती देते. तुझ्या मायला सगळं माहीत आहे. तिनं दौत आणून माझ्यापुढे ठेवली आणि काठी घेऊन माळवदावर निघून गेली. किसन तिथून परत आला की मी त्याला सांगणारच आहे, तो काय करेल ते करो. आणि समज मी खरंच मेले, तरी येऊ नकोस. पिंडाला कावळा शिवला नाही तर बसू दे सगळ्यांना उन्हात, कशासाठी अडलं ते त्यांचं त्यांना कळेल. तुझं काम तिथं आहे. ते पुरं कर.

तुझीच, जिभेला हाड नसलेली,
गोजरबाई