जांभळीची ढोली

१९ एप्रिल

ह्यांनी चुन्याची फक्की टाकून शेततळ्याची आखणी केली. जांभळीचं झाड बरोब्बर मधोमध! अक्षय तृतीयेला जेसीबी येणार. तळं मलाही हवंच आहे — मागच्या उन्हाळ्यात निम्मी मोसंबी डोळ्यांदेखत वाळली, ते पुन्हा बघवणार नाही. पण आज तिथून पाय निघेना. सगळं रान करपलंय, आणि ही एकटी हिरवीगार. फुलोऱ्यावर मधमाश्या, वर बुलबुल, खारी, खाली टेकलेली मेंढरं. एवढी सावली पंचक्रोशीत नाही.

२१ एप्रिल

वरच्या ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं. बोटभर फट. धनेश येतो, चोचीतलं उंबर आत सरकवतो, जातो. किती खेपा! आत कुणीतरी अडकलंय.

२२ एप्रिल

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "भरल्या घरट्याचं झाड आपल्यात पाडत न्हाईत. आधी बघून घ्या."

हे म्हणाले, "बराबर बघितलंय. एक घरटं न्हाई."

मी गप्प. का गप्प बसले? तळं हवंय म्हणून, दुसरं काय!

२४ एप्रिल

शेवटी केलं. शिडी लावली, खुरप्यानं लिंपण फोडलं. अडकलेली सुटेल, झाड रिकामं होईल, नियमही मोडणार नाही — केवढं माझं शहाणपण!

उडाली नाही ती. आणखी आत सरकली. पंखांना पिसंच नाहीत धड. पोटाखाली एक उघडंवाघडं पिल्लू.

शिडी तशीच टाकून घरी आले.

२५ एप्रिल

सासूबाईंना सांगितलं. लहानपणी मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेल्या, त्यांना सगळं ठाऊक.

"अडकली न्हवती ती. पिलं मोठी व्हईस्तोवर स्वतःच कोंडून घेती. पिसं झडत्यात, उडता येत न्हाई. तू बाळंतिणीचं दार फोडून आलीस, प्रेमला."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ एप्रिल

नर आला नाही.

२७ एप्रिल

दुपारी आला. फांदीवरून ढोलीच्या फुटक्या तोंडाकडे बघत बसला आणि फळ चोचीत घेऊनच परत गेला. कावळे घिरट्या घालतायत. मी गोफण घेऊन खाली बसले, कापूस वेचायच्या वेळेसारखी टोपी घालून. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

हे आले. "काय करून राह्यली तू?"

सांगून टाकलं सगळं. वर बघत म्हणाले, "जेसीबी पुन्हा पावसाळ्याआधी मिळायचा न्हाई. तळं तर पाह्यजेच. तूच सांग, कुठं खणू?"

चीड आली — त्यांची नाही, माझीच.

२९ एप्रिल

नरानं दोनदा फळ दिलं. कावळा एकदा थेट ढोलीच्या तोंडाशी. घसा बसला ओरडून.

३० एप्रिल

सकाळी फट पुन्हा बोटभर. आतूनच लिंपलीय तिनं. जेसीबी बांधावर उभा होता. ड्रायव्हरला मोसंबीच्या दोन ओळी दाखवल्या — सहा वर्षांची झाडं, यंदा पहिल्यांदाच लगडलेली. इथून खण म्हटलं.