दुसरा खुळखुळा

मुळशी,
९ फेब्रुवारी २०२५

ती. उषाताईस नंदाचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. दाजींचा खोकला थांबला का? तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेजारचे शेखरभाऊ भाजी घेऊन बावधनला येतात, त्यांच्या हाती हे पत्र देतेय.

तुळजा सहा महिन्यांची झाली. पालथी पडते. मुक्ताही पडत असेल.

संक्रांतीनंतर माझ्या जुळ्यांतली मुक्ता तुम्ही नेलीत, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उषाची मांडी भरंल. आन् एवढ्याशा तुळजाला काय कळतंय, शेजारी कोन हाय का न्हाई?" ह्यांनी होकारार्थी मान डोलावली. मला कोणी विचारलं नाही.

तुळजा अंथरुणावर पडल्या पडल्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघत राहते. घरात सांगितलं, तर म्हणे माझ्या मनाचे खेळ.

शेखरभाऊंची आरोही पुण्यात लहान मुलांच्या मनाबद्दल शिकते. परवा ती आली होती. तिनं तुळजापुढं एक खुळखुळा ठेवला, त्याच्या आड सूप धरलं आणि पोरीच्या देखत दुसरा खुळखुळा सुपामागं नेला. सूप काढलं. दोन दिसले. पोरीनं बघून तोंड फिरवलं. मग पुन्हा तसंच केलं, पण या वेळी एक गुपचूप काढून घेतला. सूप बाजूला झालं आणि तुळजा त्या एकट्या खुळखुळ्याकडे बघतच राहिली. अंगठा चोखायचीही थांबली.

"काकू, एवढ्याशा बाळांनाही एक आणि दोन वेगळे कळतात," आरोही म्हणाली. "दोन असायला हवेत तिथं एकच दिसला, की अशी बघत राहतात."

सासूबाई दारात उभ्या होत्या. तशाच परसात गेल्या.

"मग बहीण नाही, हेही कळत असेल?" मी विचारलं.

"ते नाही सांगता यायचं, काकू. आम्ही खेळण्यांवरच बघतो."

खरं असेल तिचं. पण ताई, तुळजा एका बाजूला पिऊन झोपते, आणि माझी दुसरी बाजू भरून येते. मोरीत पिळून टाकते. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

तू मुक्ताला जीव लावला असशील. तुझ्या हातातून तिला घेताना माझे हात कसे चालतील, कळत नाही. तरी बुधवारी येतेय. "गेलीस तर हितं परत येऊ नको," असं हे म्हणालेत. म्हणून तुळजाला घेऊनच निघेन.

दार उघड.

तुझी धाकटी बहीण,
मुक्ताची आई,
नंदा