दोन्या पाब्लांच्या अंगणात

शुक्रवार, ९ जानेवारी
परवा अरेग्वाला जायचं, देर्लिसच्या आईकडे! लग्नाचं त्यानं सांगून पाहिलं, पण आई — दोन्या पाब्ला, म्हणजे पाब्लाबाई — हो म्हणेनात, नाही म्हणेनात. "आधी घेऊन ये" — एवढंच. मी आवडले नाही तर? आई नको म्हणाली तर देर्लिस लग्न करायचा नाही. त्याचा राग येत नाही, भीती वाटते.

शनिवार
वाक्यं पाठ केली. उकाड्यावर एक, कोंबड्यांवर एक.

रविवार, ११ जानेवारी
कोंबड्यांचं कोणी विचारलंच नाही!

आंब्याखाली सगळे गोल बसलेले. आल्याबरोबर प्रत्येकाच्या दोन्ही गालांना गाल — पावडर, घाम, दाढी! मग तेरेरे, म्हणजे गार पाण्यातला पाल्याचा चहा. दोन्या पाब्लांच्या मांडीशी बर्फाच्या पाण्याची झारी. शिंगाचा पेला त्या भरतात, एकेकाला देतात. प्यायचं, रिकामा परत करायचा. किती छान नियम! बोलण्यात पाळी कोणाची, हे मात्र कोणी सांगत नाही.

डॉक्टर मला स्वमग्न म्हणतात. स्वतःत मग्न कुठली? मला सगळ्यांचं सगळं एकदमच ऐकू येतं. तसंच झालं — पेला हातात, आणि मी नुसती बसून.

"अगं, माइक नाही तो! पी आणि सोड!" — देर्लिसचा मामा. सगळे हसले. थट्टा की राग? चेहऱ्यावरून कळेना. "माइक नाही, ठाऊक आहे मला," मी म्हणाले. मग कोणीच हसलं नाही. पेला ठेवला आणि चालू पडले. निरोपही न घेता! इथं तर निरोपालाच तास लागतो.

दोन्या पाब्लांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. संपलं सगळं.

सोमवार
देर्लिस म्हणतो, "आई कोणाकडेच बघत नाही गं. पेल्याकडे बघते. झारीला कोणाला हात लावू देत नाही. बाबा गेले, घर माणसांनी भरलं, तेव्हाही तीच ओतत होती."
समजूत घालतोय. गुणी आहे माझा.

रविवार, १८ जानेवारी
देर्लिसनं पुन्हा अरेग्वाला नेलंच. फाटकातच दोन्या पाब्ला. गाल पुढे केला नाही. बाही धरून थेट आपल्या खुर्चीत बसवलं आणि झारी माझ्या हातात दिली. मामाचं तोंड उघडंच राहिलं!

पेल्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "ओतणारीला कोणी काही विचारत नाही, पोरी. या घरात आल्यापासून मी असंच निभावलंय."

"मग आता तुम्ही?"

"मी तुझ्याशेजारी बसते. तू बोलू नकोस, मीही बोलत नाही."